माशाचा आकडा

आमच्याकडे डॉक्टरनं "कच्चा मासा खाता का?" असं विचारलं की माणूस घरी येऊन फोटो निवडायला बसतो. शवपेटीपुढे ठेवायचा फोटो. धरणाच्या काठच्या सगळ्या गावांत हेच चालतं. कच्च्या माशातली अळी पोटात जाते, पित्ताच्या नळीत घर करते, वर्षानुवर्षं गुपचूप राहते, आणि मग माणूस पिवळा पडून जातो. माझा बाप तसा गेला, दोन्ही चुलते तसेच गेले. तरी मासा कच्चाच चांगला लागतो, यावर तिघांचंही शेवटपर्यंत एकमत होतं.

माझा नवरा खामसिंग. भातकापणी संपता संपता त्याची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, वाकून दुखली असेल. मग ती झोपूनही दुखायला लागली. जवळच्या इस्पितळात एक्स-रे काढला, तर मणक्यांत आणि कमरेच्या हाडात डाग दिसले. त्यांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डॉक्टर पिमचनोक म्हणून होती, आमच्या मुलीहून, सुवन्नीहून लहान. ती म्हणाली, हा कॅन्सर हाडात दिसतोय खरा, पण हाडाचा वाटत नाही. दुसरीकडून आलेला आहे. कुठून आला ते कळलं तर औषध ठरवता येईल. तिनं बऱ्याच बाटल्या भरून रक्त घेतलं आणि शेवटी विचारलं, "आजोबा, कच्चा मासा खाता का?"

"खातो," खामसिंग म्हणाला.

"किती?"

"मिळेल तितका."

आम्ही तिला हात जोडले आणि घरी आलो. आठवड्यानं रक्ताचा निकाल घ्यायला या, असं ती मागून म्हणाली होती. पण निकाल कशाला? तिनं विचारलं तिथेच सगळं कळलं होतं.

मासा बुनथानचा. बुनथान माझा धाकटा भाऊ, धरणात जाळी टाकतो. ताजा मासा बारीक चेचायचा, त्यात लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची पूड आणि पुदिना घालायचा, वरून लाल मुंग्यांची अंडी. याला कोई म्हणतात. चुलीचा संबंध नाही. माझं लग्न झाल्यापासून हे दोघं आमच्या घराखालच्या माचीवर बसून टोपलीतल्या चिकट भाताबरोबर कोई खात आले. मी शिजवलेल्या माशाला दोघंही आजाऱ्याचं जेवण म्हणत.

सुवन्नी तिकडे दूर रायोंगला कारखान्यात असते. तिचा फोन आला.

"मामाला घरात घेऊ नकोस, आई. त्यानं बाबांना मारलं."

"बाबा अजून आहेत. हे काय, केळं खातायत."

"तू नेहमी सगळ्यांचीच बाजू घेतेस."

तिनं सांगायची गरजच नव्हती. बुनथान आपणहूनच वर येईना. जिन्याच्या तळाशी उभा राहून विचारायचा, "दाजी कसे आहेत?" वरून खामसिंग ओरडायचा, "मरतोय." मग बुनथान मान हलवून निघून जायचा. त्यानं आपली सगळी जाळी देवळात दान करून टाकली. भिक्खूंना जाळ्यांचा काय उपयोग? थोरल्या भिक्खूंनी त्यांचं कोंबड्यांभोवती कुंपण केलं.

गावप्रमुख रोज सकाळी भोंग्यावरून बातम्या देतो. खत आल्याची बातमी झाल्यावर आणि एका हरवलेल्या म्हशीच्या आधी त्यानं सांगितलं, की काका खामसिंग यांना माशाचं दुखणं झालं आहे, ज्यांना भेटायचं आहे त्यांनी भेटून घ्यावं. लोक भेटून गेले. कुणी संत्री आणली, कुणी चादर. एकानं कोई आणली. म्हणाला, आता काय बिघडणार आहे. खामसिंगनं खाल्ली.

मग आम्ही जिवंतपणीचं मर्तिक करायचं ठरवलं. आमच्याकडे दुखणाईत माणसाला पांढऱ्या कापडाखाली निजवतात. भिक्खू आधी मेलेल्याचे मंत्र म्हणतात, मग त्याला फिरवून डोकं दुसऱ्या बाजूला करतात आणि जिवंत माणसाचे मंत्र म्हणतात. त्यानं वाईट दशा फसते. तिला वाटतं, हा माणूस गेला.

त्या दिवशी घराखालच्या माचीपाशी सगळं गाव जमलं. कापडाखाली जायच्या आधी खामसिंग लोडाला टेकून बसला आणि त्यानं बुनथानला पुढे बोलावलं.

"बुनथान, तू मासा दिलास, मी खाल्ला. तू काही माझा जबडा उघडून घातला नाहीस. माझा तुझ्यावर राग नाही. असलाच तर इथे सगळ्यांसमोर सोडतो. पुढच्या जन्मी भेटलो तर भावासारखे भेटू."

बुनथान जमिनीला डोकं टेकून रडला. बायका रडल्या. गावप्रमुख म्हणाला, असं माफ करणं आपण आयुष्यात ऐकलं नव्हतं, तेही माईक नसताना. खामसिंगला ते फार आवडलं. मला कुजबुजून विचारलं, "मागे बसलेल्यांना ऐकू गेलं का?"

मग तो आडवा झाला, त्याच्यावर कापड घातलं, भिक्खूंनी मेलेल्याचे मंत्र सुरू केले आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. बराच वाजला. शेवटी त्यानं कापडाखालीच उचलला.

थोरले भिक्खू थांबले. "कोण आहे?"

"इस्पितळ," कापडातून आवाज आला. "निकाल न्यायला का आला नाहीत, विचारतेय."

"सांगा, अर्धं झालंय. अजून तुम्हाला फिरवायचंय."

खामसिंगनं तसंच सांगितलं. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. मग तो फिरला, जिवंत माणसाचे मंत्र झाले, सगळे जेवले.

दुसऱ्या दिवशी बुनथाननं आपल्या पिकअपमधून आम्हाला शहरात नेलं. आता तो दाजींना कुठेही न्यायचा. मात्र इस्पितळात आत आला नाही. त्याला वाटत होतं, मासा देणारा हाच, हे डॉक्टरांना तोंडावरून ओळखू येईल. तो बाहेर चिंचेखाली गाडीला टेकून उभा राहिला.

डॉक्टर पिमचनोकनं आम्हाला बसवलं.

"आजोबा, तुमच्या आजाराचा माशाशी संबंध दिसत नाही."

खामसिंगनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही घोटाळा केला होता.

तिनं नीट समजावून सांगितलं. काही कॅन्सर रक्तात आपली खूण सोडतात. कॅन्सर आपली जागा सोडून हाडात जाऊन बसला, तरी बऱ्याचदा मूळ जागेचीच खूण सोडत राहतो. पित्ताच्या नळीची एक खूण असते, यकृताची एक, आतड्याची एक. त्या सगळ्या तिनं तपासल्या होत्या. मला ते लगेच कळलं. म्हैस दुसऱ्याच्या शेतात शिरली तर ती कुणाची ते तोंडावरून कळत नाही, पण वेसणीची गाठ बघितली की कळतं. आमच्या गावात प्रत्येक घराची गाठ वेगळी.

"अगदी तसंच, आजी," ती म्हणाली. "पण काही वेळा गाठ फसवते. काही कॅन्सर खूण सोडतच नाहीत. कधी साध्या आजारानंही आकडा वाढतो. म्हणून नुसत्या रक्तावर आम्ही सहसा विसंबत नाही. यांचा पित्ताच्या नळीचा आकडा साधा आला आहे. तेवढ्यावरून मासा सुटला असं मी म्हटलं नसतं, काहींच्या रक्तात ती खूण तयारच होत नाही. पण यकृताचं चित्र स्वच्छ आहे. आणि दुसरा एक आकडा इतका वर गेलाय, की त्याबद्दल शंका घ्यायला जागा कमी आहे."

"कुठला?"

"प्रोस्टेटचा. पुरुषांना मूत्राशयाच्या खाली सुपारीएवढी ग्रंथी असते, तिचा."

मग तिनं हातमोजा घातला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. त्या तपासणीबद्दल खामसिंग माझ्याशीही कधी बोलला नाही. नंतर सुईनं तुकडा काढला, आणि पुढच्या खेपेला तो निकालही तोच आला. तोवर बुनथानला आम्ही निकाल यायचा आहे एवढंच सांगितलं होतं.

त्या खेपेला डॉक्टरनं औषध सांगितलं. ती म्हणाली, हा मुळासकट जात नाही, पण पित्ताच्या नळीच्या कॅन्सरसारखाही नाही. याचं खाणं म्हणजे पुरुषाच्या अंगातला एक रस. तो बंद केला की हा उपाशी पडतो. दुखणं थांबतं, माणूस कित्येकदा वर्षानुवर्षं चालता-फिरता राहतो. रस बंद करायचे मार्ग दोन. दर काही महिन्यांनी इथे येऊन इंजेक्शन, नाहीतर एकदाच लहानसं ऑपरेशन. रस जिथे तयार होतो त्या दोन गोळ्या काढून टाकायच्या.

खामसिंगनं दोन्ही पाय जवळ घेतले.

"बैलाला करतात तसं?"

"बैलाला भूल देत नाहीत," डॉक्टर म्हणाली.

"मला विचार करायला पाहिजे."

"करा, पण फार नको. मणक्यातला डाग आतून जाणाऱ्या नसांच्या दोरीवर दाबायला लागलाय. एकदा पाय गेले तर ते परत येतीलच असं मला सांगता येणार नाही. पाय ओढला जायला लागला तर फोन करा आणि त्याच दिवशी या."

दाराशी खामसिंग मागे वळला. "हे होतं कशानं? तरुणपणी ट्रकवर असताना इकडे-तिकडे गेल्यानं?"

"नाही. त्याचा काही संबंध नाही."

"मग?"

"जास्त करून वयानं."

"वयानं," तो बाहेर येताना मला म्हणाला. "आता वयाला काय माफ करू?"

पिकअपमध्ये मी दोघांच्या मधे बसले. बुनथाननं गाडी सुरू केली आणि समोर बघत विचारलं, "माशाचंच का?"

"माशाचंच," खामसिंग म्हणाला आणि माझ्या गुडघ्याला चिमटा काढला.

बुनथानच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरचं दिसेना म्हणून त्यानं वायपर लावला. ऊन कडक होतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला धरलं.

"त्याला खोटं का सांगितलंस?"

"सगळ्या गावासमोर मी त्याला माफ केलंय. आता काय सांगू, चुकून केलं? आणि भोंग्यावर काय येईल? काका खामसिंग यांना खालच्या जागेचं दुखणं झालंय, ज्यांना बघायचंय त्यांनी बघून घ्यावं?"

"डॉक्टर म्हणाली ना, वयानं होतं."

"डॉक्टर शहरात राहते. गावात बाप्ये म्हणतील, तरुणपणी कोरात शहराकडे ट्रक चालवत होता ना, तिकडचंच."

"होतं का काही?"

"मी ट्रक चालवत होतो."

"ते माहीत आहे मला. मी ट्रकबद्दल विचारलं नाही."

"तेच सांगतोय. तुलासुद्धा विचारावंसं वाटलं."

मी चूल पेटवायला गेले. तो मागून म्हणाला, "म्हातारे, माशानं मेलेल्या माणसाला लोक हात जोडतात. मी एकदा चांगला मेलोय. सगळे म्हणाले. आता परत उठून कापून घेऊ?"

"म्हाताऱ्या, तू जगशील."

"बैलही जगतो."

मी सुवन्नीला सांगितलं. तिनं फोनवरून बापाला शिव्या दिल्या, रडली, पुन्हा शिव्या दिल्या. त्यानं फोन उशाखाली ठेवून दिला. त्यातून तिचा आवाज येत राहिला.

मग एका सकाळी तो जिना उतरताना मी बघितलं. डावा पाय पायरी शोधत होता. पाऊल उचलत नव्हतं, घसटत येत होतं. मी विचारलं, तर म्हणाला, पाय झोपलाय.

मी तशीच बुनथानकडे गेले. तो ओसरीवर मीठ लावून भात खात होता. ते प्रकरण झाल्यापासून त्यानं मासा सोडला होता, शिजवलेलासुद्धा. मी त्याला सगळं सांगितलं. रक्त, आकडे, सुपारीएवढी ग्रंथी, दोन गोळ्या, पाय.

तो घास हातात धरून बसला.

"म्हणजे माझा मासा नव्हता."

"नव्हता."

"माझ्या माशात काही नव्हतं?"

"माशात असेल. पण दाजींना झालंय ते त्याचं नाही."

त्यानं घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायला. मला वाटलं, आता हा उठून गावप्रमुखाकडे जाणार. त्याचा तो हक्कच होता. लोक त्याच्या पिकअपमध्ये बसेनासे झाले होते. देवळात बायका त्याच्या ताटातलं घेत नव्हत्या.

"दाजी ऑपरेशनला जात नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"लोक हसतील म्हणून."

"आणि तुला माफ करून बसलाय म्हणून. ते फुकट जाईल."

"चांगलं केलं होतं माफ," बुनथान म्हणाला. "मीसुद्धा रडलो."

तो उठला, हात धुतले आणि माझ्याबरोबर निघाला. मला वाटलं, आता हा भांडणार, आणि भांडलाच तर मी भावाची बाजू घेणार. त्या दिवसांत पहिल्यांदाच तो जिना चढून वर आला. खामसिंग भिंतीला टेकून पाय चोळत होता.

"दाजी, गेल्या खेपेला ती डॉक्टरीण गाडीपाशी आली होती," बुनथान म्हणाला.

"कधी?"

"तुम्ही दोघं लघवीला गेला होता तेव्हा."

डॉक्टर गाडीपाशी आली नव्हती, आणि आम्हीही दोघं मिळून लघवीला जात नाही.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अळी खाली उतरलीय. माशातली अळी. आता खालून काढायला लागेल, नाहीतर पाय धरेल. बऱ्याच जणांचं तसं होतं म्हणाली."

खामसिंग त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत होते.

"अळी," खामसिंग म्हणाला.

"तुम्हाला सांगितलं तर घाबराल, म्हणून मला सांगितलं."

"तुला ओळखलं तिनं?"

"तोंडावरून ओळखलं. म्हणाली, मासा देणारे तुम्हीच का? मी म्हटलं, हो."

बाहेर कोंबडा आरवत होता. खामसिंगनं झोपलेला पाय हातानं उचलून सरळ ठेवला.

"लोकांनी विचारलं तर तू काय सांगशील?"

"हेच. माझ्या माशाची अळी होती, खाली गेली, काढली."

"पुढे कायम?"

"दाजी, गावाला माझं माहीतच आहे. नवं काय सांगायचंय? तुमचं नवं झालं असतं."

"आणि उद्या तुला खरं सांगावंसं वाटलं तर?"

"खरं घेऊन मी काय करू? विकता येतं का ते?"

खामसिंगनं पायावर लुंगी ओढून घेतली. मग मला म्हणाला, "म्हातारे, माझा बरा सदरा काढ. अळी असेल तर जायला पाहिजे. अळी ठेवून कसं चालेल."

मी फोन लावला. पलीकडून ती म्हणाली, लगेच निघा. त्याच दिवशी त्याला दाखल केलं. पाठीवर किरणांचा उपचार झाला आणि ऑपरेशनही झालं. ऑपरेशन लहानच होतं, कंबरेखाली बधिर करून. खामसिंग म्हणे वर दिव्याकडे बघत डॉक्टरांना धरणातल्या माशांच्या जाती सांगत होता. शुद्धीवर राहून माणसाला दुसरं काय सुचणार.

भोंग्यावर बातमी आली, की काका खामसिंग यांच्या पोटातून माशाची अळी यशस्वीपणे काढण्यात आली, तरी ग्रामस्थांनी मासा शिजवून खावा. गावात मोठी चर्चा झाली. अळी केवढी होती, असं लोक मला विचारत. मी सांगायची, मी बघितली नाही. बुनथान मात्र हात पसरून दाखवायचा. आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी त्याला देवळात उभा करून बोलायला लावलं. तो उभा राहून म्हणाला, "मी स्वतःच्या दाजींना अळी खाऊ घातली." लोक ऐकत राहिले. बाईंनी इतकी वर्षं पत्रकं वाटून जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. मग शेजारच्या गावांतूनही त्याला बोलावणी यायला लागली. खामसिंग पुढच्या रांगेत बसायचा आणि मधेच सांगायचा, "पण मी माफ केलंय."

पायाला वेळ लागला. आधी काठी, मग भिंत, मग नुसताच. पाठीचं दुखणं त्याच्या लक्षात येण्याआधीच गेलं होतं. एक दिवस भाताचं पोतं हलवताना तो थांबला आणि म्हणाला, "दुखत नाहीये गं." दुपारी कधी कधी अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं व्हायचं, तेव्हा तो पंख्यासमोर बसायचा. मी म्हणायची, बायकांना हे होतं, तेव्हा कुणी पंखा देत नाही. तो पंखा माझ्याकडे वळवायचा.

एका सणाला तो थोरल्या भिक्खूंना म्हणाला, की माफ केलेल्या माणसाची जाळी अडकवून ठेवणं बरं दिसत नाही. भिक्खूंनी कोंबड्यांना बांबूचं कुंपण केलं. बुनथान पुन्हा धरणावर जायला लागला. पहिला मासा त्यानं आमच्याकडे आणून ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, चांगला शिजव." मी शिजवला. दोघांनी खाल्ला. चव कुणीच बोलून दाखवली नाही.

मग पुन्हा रक्त तपासायची वेळ आली. डॉक्टर पिमचनोकनं आकडा बघितला, दुसऱ्यांदा बघितला आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर हसली. जो शेकड्यांत होता तो एका हाताच्या बोटांवर आला होता. ती म्हणाली, असाच खाली राहील तोवर काळजी नको. वर जायला लागला तर पुढचं औषध आहे.

खामसिंगनं आभार मानले. मग जरा पुढे वाकून विचारलं, "आणि माशाचा आकडा?"

"तो पहिल्यापासून ठीकच होता, आजोबा."

"हो, पण आता?"

"आताही ठीक आहे."

आम्ही बाहेर आलो. बुनथान चिंचेखाली गाडीपाशी उभा होता. खामसिंगनं माझा हात सोडला आणि तेवढं अंतर आपलं आपण चालून गेला.

"काय म्हणाली?" बुनथाननं विचारलं.

"उतरला."

"कुठला?"

खामसिंगनं गाडीचं दार उघडलं.

"माशाचा," तो म्हणाला. "पार उतरला."

"बरं झालं," बुनथान म्हणाला. "मला त्याचीच काळजी होती."